क्रेनने झाड उतरविताना हलक्या कृत्रिम दोरांचा वापर

कोकणातील बागाईतदारास झाड लावण्याचे व जोपासण्याचे ज्ञान परंपरेने मिळालेले असते. वाढलेले झाड सुरक्षितपणे खाली कसे आणावे, हा प्रश्न मात्र त्याच्यापुढे क्वचितच येतो. आणि येतो तेव्हा बहुधा घाईच्या व संकटाच्या वेळीच येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतील आणि शेजारच्या दापोली व मंडणगड तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्याच्या बागा मोठ्या प्रमाणावर मोडून पडल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकत गेले व त्याचा तडाखा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांस बसला. अशा वेळी घरावर रेललेला माड, विहिरीवर आडवा पडलेला फणस किंवा अर्धवट उन्मळून रस्त्यावर झुकलेला आंबा हा केवळ नुकसानीचा विषय राहत नाही; तो घरातील माणसांच्या जिवाचा प्रश्न होतो.

वादळ आले नाही तरीही हा प्रश्न सुटत नाही. सोंड्या भुंग्याने आतून पोखरलेला माड घराशेजारी उभा ठेवणे धोक्याचे असते व तो काढून टाकावाच लागतो. पूर्वी असे झाड पाडण्यासाठी काथ्याचा दोर, चार धट्टीकट्टी माणसे आणि पाडेल्याचे कसब एवढेच साधन होते. आज तालुक्याच्या ठिकाणी भाड्याने क्रेन मिळते आणि तिच्याबरोबर, लोक ज्यास ‘बेल्ट’ म्हणतात, ते कृत्रिम धाग्यांचे पट्टे व दोरही येतात. हे साधन उत्तम आहे. परंतु ते काथ्याच्या दोराप्रमाणे वापरून चालत नाही. त्याचे गुण, त्याच्या मर्यादा आणि त्याच्या वापराची पद्धत यांची माहिती प्रत्येक बागाईतदारास व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यास असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

दोर हलका असण्याचा लाभ

क्रेनच्या हुकास झाड अडकविण्यासाठी जो दोर वा पट्टा वापरतात, त्यास स्लिंग असे म्हणतात. पोलादी तारेची स्लिंग मजबूत असते यात शंका नाही. परंतु २० मिलिमीटर जाडीच्या तारदोराचे वजन दर मीटरला सुमारे दीड किलोग्रॅम भरते. सहा मीटर लांबीची अशी स्लिंग नऊ-दहा किलोग्रॅमची होते. हे ओझे झाडावर चढलेल्या माणसाने एका हाताने खोडाभोवती फिरवून घ्यावयाचे असते. त्यातच तारदोराच्या तुटलेल्या तारा काट्यांसारख्या वर येतात व तळहात फाडतात. उंचावर बसलेल्या माणसाचा हात दुखावला तर त्याचा तोलही जाऊ शकतो.

त्याच जाडीचा उत्तम प्रतीचा कृत्रिम दोर घेतल्यास त्याची ताकद तारदोराच्या तोडीची असते आणि वजन सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेच भरते. सहा मीटरची स्लिंग मग किलोग्रॅम-सव्वा किलोग्रॅमच्या घरात येते. ती खोडाच्या आकाराप्रमाणे सहज वळते, हातास इजा करीत नाही आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर चुकून पडली तरी तारदोराएवढी दुखापत होण्याचा संभव नसतो. थकवा कमी झाला की माणूस फास नीट बसविण्यास वेळ देतो. आणि फास नीट बसणे हेच या कामातील अर्धे यश होय.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. दोर हलका झाला म्हणून ओंडका हलका होत नाही. हातात घेतल्यावर दोर सुतळीसारखा हलका लागतो. त्यामुळे काही जण त्याच्या ताकदीवर विश्वास ठेवीत नाहीत, तर काही जण एकदा त्याची ताकद पाहिल्यावर तो कधीच तुटणार नाही असे समजू लागतात. हे दोन्ही समज चुकीचे असून दुसरा अधिक घातक आहे.

धाग्यांचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष

बाजारात मुख्यतः चार प्रकारचे धागे आढळतात.

नायलॉन हा बळकट धागा आहे. परंतु तो ताणला जातो. ओझे उचलताना तो लांबतो व ओझे सुटताच झटक्याने आखडतो. तो भिजला असता त्याची ताकद काही प्रमाणात घटते. आम्लाने त्याची हानी होते; म्हणून बॅटरीचे पाणी त्यास लागू देऊ नये.

पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा कमी ताणले जाते, भिजल्याने फारसे बिघडत नाही आणि उन्हात बऱ्यापैकी टिकते. तीव्र क्षारांपासून मात्र ते दूर ठेवावे. क्रेनबरोबर येणारे रुंद पट्टे बहुधा याच धाग्याचे असतात आणि पावसाळ्यातील सर्वसाधारण कामास तेच सोयीचे पडतात.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असते व पाण्यावर तरंगते. परंतु उन्हाने ते लवकर ठिसूळ होते आणि उष्णतेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. पंप विहिरीत सोडण्यासाठी किंवा गवताचे भारे बांधण्यासाठी आपण जे रंगीत प्लास्टिकचे दोर घेतो, ते बहुतेक याच जातीचे होत. त्या दोरांवर कोणतीही भारक्षमता लिहिलेली नसते. ते झाड उचलण्यासाठी कदापि वापरू नयेत.

चौथा प्रकार अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा. ‘डायनीमा’ या व्यापारी नावाने तो अनेकांस परिचित आहे. वर वर्णन केलेला अत्यंत हलका आणि पोलादाच्या तोडीचा दोर तो हाच. तो पाण्यावर तरंगतो व फारच थोडा ताणला जातो. त्याचे दोन दोष आहेत. तो गुळगुळीत असल्यामुळे त्यास मारलेली गाठ सरकते. म्हणून त्याच्या टोकाचे डोळे कारखान्यात अगर जाणकाराकडून पिळात पीळ गुंफूनच केलेले असावेत. दुसरा दोष असा की, सुमारे १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळू लागतो आणि त्यापेक्षा पुष्कळ कमी उष्णतेतही दुबळा होतो. क्रेनचा तापलेला सायलेन्सर, पालापाचोळ्याची शेकोटी आणि भाराखाली दोरावर दोर वेगाने घासल्याने निर्माण होणारी उष्णता ही तिन्ही त्यास घातक आहेत.

ओंडक्याचे वजन कसे काढावे

स्लिंग निवडण्यापूर्वी ओंडक्याचे वजन ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे लाकडाच्या व्यवहारात घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व त्यास लांबीने गुणावयाचे, अशी रीत रूढ आहे. व्यापारासाठी ती ठीक आहे. कारण तीत कापणीत वाया जाणारे लाकूड वजा धरले जाते. परंतु क्रेनला वाया जाणारे लाकूडही उचलावे लागते! या रीतीने खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच घनफळ हाती येते. म्हणून वजन काढण्यासाठी ती वापरू नये.

त्याऐवजी पुढील रीत वापरावी. ओंडक्याच्या मध्यावरील घेर मीटरमध्ये मोजावा. त्याचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व आलेल्या संख्येस साडेबारांनी भागावे. उत्तर घनमीटरमध्ये मिळते. ओल्या लाकडाचे वजन पाण्याएवढे, म्हणजे दर घनमीटरास एक टन धरावे. ऐनासारख्या जड लाकडासाठी त्यात पाचवा हिस्सा अधिक मिळवावा. फांद्या, पाने, फळे आणि पावसात पानांवर साचलेले पाणी यांचे वजन वेगळे धरावे.

उदाहरणार्थ, आंब्याच्या एका ओंडक्याचा घेर २.४ मीटर व लांबी ४ मीटर आहे. घेराचा वर्ग ५.७६ व त्यास ४ ने गुणल्यावर २३.०४ येतात. साडेबारांनी भागल्यास १.८४ म्हणजे सुमारे १८४० किलोग्रॅम वजन निघते. व्यापारी रीतीने हेच गणित केल्यास १.४४ घनमीटर, म्हणजे १४४० किलोग्रॅम एवढेच उत्तर येते. हा ४०० किलोग्रॅमचा फरक किती महत्त्वाचा आहे, ते पुढील भागात दिसून येईल.

माडाचेही असेच पाहावे. मध्यावर ०.९ मीटर घेर असलेल्या व १५ मीटर उंचीच्या माडाच्या खोडाचे वजन सुमारे ९७० किलोग्रॅम भरते. शेंड्याचे वजन निराळे. म्हणून झावळ्या व नारळांचे घड आधी उतरवून घ्यावेत आणि जागा अडचणीची असल्यास खोड एकसंध न उतरविता तुकड्यांनी उतरवावे.

चिठ्ठीवरील आकडा आणि फास

प्रत्येक स्लिंगवर शिवलेली चिठ्ठी असते. तीवर धाग्याचा प्रकार, लांबी व भारक्षमता दिलेली असते. प्रचलित आंतरराष्ट्रीय संकेतानुसार निळी चिठ्ठी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची व तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची असते. पट्ट्याच्या अंगाचा रंग मात्र भारक्षमता दर्शवितो: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन, करडा ४ टन, तांबडा ५ टन, तपकिरी ६ टन, निळा ८ टन आणि नारिंगी १० टन वा अधिक. चिठ्ठीचा रंग व पट्ट्याचा रंग यांत गल्लत होऊ देऊ नये. रंग उडतो, किंवा संकेत न पाळताही दिलेला असतो. म्हणून चिठ्ठीवरील आकडाच प्रमाण मानावा.

हा आकडा स्लिंग सरळ टांगली असता लागू पडतो. झाडाच्या कामात स्लिंग बहुधा फास करून खोडाभोवती आवळली जाते. फासाच्या जागी ती वाकते व स्वतःवरच घासते. त्यामुळे तिची क्षमता आठ-दशांशच धरावी लागते. म्हणजे दोन टनांची हिरवी स्लिंग फासात १.६ टनच उचलू शकते. आता वरील आंब्याचा ओंडका घ्या. व्यापारी मापाने तो १.४४ टनांचा ठरतो व ही स्लिंग पुरेशी वाटते. प्रत्यक्षात तो १.८४ टनांचा असल्यामुळे ती तोकडी पडते. तेथे तीन टनांची पिवळी स्लिंगच घेतली पाहिजे. फास हातोड्याने ठोकून खाली दाबू नये. तसे केल्याने दोराचा कोन तीव्र होऊन क्षमता आणखी घटते.

पॉलिएस्टरच्या नव्या पट्ट्याची तुटण्याची मर्यादा चिठ्ठीवरील आकड्याच्या सामान्यतः सातपट ठेवलेली असते. हे कळल्यावर काही लोक दोन टनांच्या पट्ट्याने पाच टन उचलण्याचे धाडस करितात. हा सातपटीचा राखीव साठा वापरण्यासाठी दिलेला नाही. उन्हाने झालेली झीज, डोळ्यांस न दिसणारी कापट, हुकाला बसणारा हिसका या सर्वांसाठी तो ठेवलेला आहे. मीटरभर उंचीवरून निखळून दोरावर आदळलेला ओंडका आपल्या वजनाच्या कित्येक पट ताण क्षणात देतो आणि तो साठा तेथेच संपतो.

आडवा पडलेला लांब ओंडका दोन स्लिंगांनी उचलावा. परंतु त्या जितक्या फाकतील तितका प्रत्येकीवरील ताण वाढतो. दोन्ही स्लिंगा ओळंब्यापासून ३० अंशांनी फाकल्या तर प्रत्येकीवर भाराच्या ५८ टक्के, ४५ अंशांनी फाकल्या तर ७१ टक्के, आणि ६० अंशांनी फाकल्या तर भाराएवढाच पूर्ण ताण येतो. म्हणजे दोन स्लिंगा लावूनही एकीचेच बळ मिळते. म्हणून आखूड स्लिंगा ताणून बसविण्यापेक्षा लांब स्लिंगा घेणे हितकर.

क्रेन कोठे उभी करावी

कोकणातील वाडीत क्रेन झाडापर्यंत क्वचितच पोहोचते. पाखाडी अरुंद असते, गडगे आड येतात व क्रेन रस्त्यावरच उभी राहते. ‘बारा टनांची क्रेन’ म्हणजे ती कोठूनही बारा टन उचलील असे नव्हे. तो आकडा बूम अगदी जवळ असतानाचा होय. एक टनाचा ओंडका चार मीटरांवरून उचलताना क्रेनला जेवढे उलथविणारे बळ सोसावे लागते, त्याच्या दुप्पट बळ तोच ओंडका आठ मीटरांवर असताना सोसावे लागते. प्रत्येक क्रेनमध्ये अंतरानुसार भार दाखविणारा तक्ता असतो. काम सुरू करण्यापूर्वी पट्टीने अंतर मोजून तो तक्ता चालकाबरोबर पाहावा.

भातखाचर, नव्याने भरलेली जमीन, विहिरीचा काठ, शौचालयाची टाकी अगर शोषखड्डा यांवर किंवा त्यांच्या लगत क्रेन उभी करू नये. अवजड भार लटकत असताना उतारावर क्रेन चालविणे हा तर अपघातास निमंत्रण देण्याचाच प्रकार होय. विजेच्या तारा जवळ असल्यास वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय कामास हात लावू नये. दोर धाग्याचा आहे म्हणून विजेपासून रक्षण होईल, हा समज खोटा आहे. भिजलेला व मळलेला दोर वीज वाहून नेऊ शकतो.

प्रत्यक्ष काम

झाडाची पाहणी प्रथम जमिनीवरून करावी. खोडास भोके, भुसा किंवा तपकिरी स्राव दिसला, ठोकून पाहता पोकळ आवाज आला, किंवा मुळे उचललेली दिसली, तर त्या झाडावर कोणासही चढू देऊ नये. तेथे दुसऱ्या वाहनावरील उचलता येणाऱ्या मंचावरून स्लिंग बसवावी. क्रेनच्या हुकास लोंबकळून माणूस वर पाठविण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य समजावी.

उभा तुकडा उतरविताना फास त्याच्या मध्याच्या बराच वर, शेंड्याकडील तिसऱ्या भागात घालावा. म्हणजे कापल्यावर बुंधा खाली व शेंडा वर राहून तुकडा उलटत नाही. माडाचे व पोफळीचे खोड सरळसोट असते. पावसाळ्यात त्यावर शेवाळ येते व गुळगुळीत दोर सरकतो. तेथे एक वेढा न देता दोन पूर्ण वेढे देऊन मग फास घालावा. शॅकल वापरीत असल्यास तिची खीळ दोराच्या डोळ्यात असावी व सरकणारा दोर तिच्या वक्र बाजूवरून जावा. उलट बसविल्यास सरकत्या दोराबरोबर खीळ फिरून निसटण्याचा संभव असतो. शॅकलची दांडी दोराच्या जाडीपेक्षा बारीक नसावी.

स्लिंग बसविली की चढलेल्या माणसाने खाली उतरून दूर व्हावे. नंतर क्रेनने हुक ओंडक्याच्या नेमका वर आणून दोर हळूहळू ताणावा. हा ताण काढलेल्या वजनाइतकाच असावा. कमी ताणल्यास कापलेला तुकडा खाली बसून हिसका देतो. जास्त ताणल्यास खोड उभे चिरते किंवा तुकडा सुटताच वर उसळतो. ओंडका बाजूस ओढण्यासाठी बूमचा उपयोग करू नये. बूम उभे ओझे पेलण्यासाठी असते.

कापणारा माणूस करवतीचे पाते स्लिंगपासून चांगले दूर ठेवील याची दक्षता घ्यावी. यांत्रिक करवतीच्या नुसत्या स्पर्शानेही ताणलेला कृत्रिम दोर क्षणार्धात तुटतो. काप पूर्ण करावा. थोडे लाकूड राखून क्रेनकडून ते तोडवून घेऊ नये. कापणाऱ्याने यंत्र बंद करून बाजूस झाल्यावरच ओंडका उचलण्याची खूण द्यावी. खुणा एकाच माणसाने द्याव्यात; ‘थांबा’ ही खूण मात्र कोणीही द्यावी व चालकाने ती तत्काळ मानावी. बघ्यांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावे. लटकत्या ओंडक्याखालून कोणीही जाऊ नये.

दोराची तपासणी व जपणूक

प्रत्येक कामाच्या आधी स्लिंग हाताखालून पूर्ण सरकवून पाहावी. पुढीलपैकी एकही दोष आढळल्यास ती बाद करावी: चिठ्ठी नाहीशी झालेली अगर न वाचता येणारी, काठावर किंवा मध्ये कापट, शिवण उसवलेली, धागे वितळून चकचकीत व ताठ झालेले, दोराची जाडी एखाद्या ठिकाणी एकदम कमी झालेली, गोल पट्ट्याचे वेष्टन फाटून आतील धागे दिसू लागलेले. आखूड करण्यासाठी स्लिंगला गाठ मारू नये. बाद झालेल्या स्लिंगचे तुकडे करून टाकावेत. नाहीतर ती गोठ्यात जपून ठेविली जाते आणि पुढच्या वादळात पुन्हा बाहेर निघते.

काम संपल्यावर चिखल व वाळू स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी. वाळूचे कण धाग्यांत शिरून त्यांस आतून कापतात. स्लिंग सावलीत वाळवावी व उन्हापासून, खते, कीटकनाशके आणि चुना यांपासून दूर, कोरड्या जागी टांगून ठेवावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ आदी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत असल्यामुळे ती तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक असते, हे शेतकरी बांधवांस समजावून द्यावे. वादळाने पडलेले झाड हलविण्यापूर्वी नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा. जीवितास धोका असून थांबणे शक्य नसल्यास निदान छायाचित्रे काढून ठेवावीत.

पावसाळ्यापूर्वी गावातील धोकादायक झाडांची यादी करावी व प्रत्येकाचा घेर, उंची आणि क्रेन उभी करता येईल अशी जागा यांची नोंद ठेवावी. ही टिपणे मे महिन्यात सावकाश करता येतात; वादळाच्या दुसऱ्या दिवशी ती करण्यास कोणासही सवड नसते. मोजण्याची फीत, वर दिलेले साडेबारांचे गणित व स्लिंगच्या चिठ्ठीवरील आकडा एवढ्या साधनांनी कोणताही कार्यकर्ता ‘हा दोर पुरणार नाही’ असे अधिकाराने सांगू शकतो.

क्रेनचे भाडे तासावर असते. त्यामुळे मालक घाई करितो, चालकास पुढच्या कामाची ओढ असते, आणि हाती आलेल्या स्लिंगनेच भागवून घेण्याकडे सर्वांचा कल होतो. अशा वेळी वजन मोजण्यास लागणारी दहा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात. ओंडक्याखाली व झाडावर काम करणारा माणूस मात्र बहुधा रोजंदारीवरचा मजूर असतो, आणि ‘हा दोर नको’ असे म्हणण्याची त्याची प्राज्ञा नसते. ते त्याच्या वतीने म्हणणे हे तेथे उपस्थित असलेल्या जाणत्या शेतकऱ्याचे व कार्यकर्त्याचे काम आहे. तेवढे झाले, तर हा हलका दोर पाडेल्याच्या खांद्यावरील ओझे खरोखरीच उतरवील.